लव्हाळ्यातले पिल्लू

शास्त्रपाठ : निर्गम २:१-१०, अनुवाद २२:१-७



सन २०२३ च्या सप्टेंबर महिन्यात, पाऊस थोडा ओसरल्यावर, आमच्या शब्बाथशाळेची सहल इंदूरच्या सिरपूर तलावावर गेली होती. बावीस मुले, तीन शिक्षक, आणि पुरीभाजीचे दोन मोठे डबे. हा तलाव होळकरांच्या राजवटीत बांधलेला. २०२२ मध्ये रामसर कराराच्या यादीत त्याचे नाव गेले, म्हणजे पाणपक्ष्यांचे जगातील एक महत्त्वाचे वसतिस्थान म्हणून त्याची नोंद झाली. मुलांना देवाच्या सृष्टीतील पाचव्या दिवसाचे काम प्रत्यक्ष दाखवावे असा आमचा बेत होता. तो बेत पार पडला, पण आम्ही योजला होता तसा नव्हे.

डबे उघडायच्या वेळी एक नऊ वर्षांचा मुलगा काठच्या गवतातून धावत आला. त्याच्या टोपीत एक पिल्लू होते. पाठीवर काळपट तपकिरी, तोंडावर पिवळसर, चोच चपटी, आणि आवाज त्या देहाच्या मानाने फार मोठा. ते हळदीकुंकू बदकाचे पिल्लू होते. मोठ्या पक्ष्याच्या काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा पट्टा असतो आणि चोच कपाळाला मिळते तेथे दोन तांबडे ठिपके, म्हणून आपल्या लोकांनी त्याला हे नाव दिले.

“गुरुजी, हे एकटंच होतं. ह्याची आई येईल का?” मुलाने विचारले.

आम्ही इकडे तिकडे पाहिले. दहा मिनिटे पाहिले असेल. बावीस मुले भोवती गलका करीत होती आणि पाण्यावर एकही बदक दिसत नव्हते. आम्ही म्हणालो, “नाही रे बाळा, ती आता येणार नाही. कुत्र्याने धरली असेल. आपणच ह्याला सांभाळू.” मुलांना फार आनंद झाला. आम्हालाही झाला, हे कबूल केले पाहिजे. प्रार्थना करून, पिल्लू एका रिकाम्या डब्यात घालून आम्ही घरी आणले.

हा जो निवाडा आम्ही दहा मिनिटांत दिला त्याविषयी आज लिहीत आहोत.

मोशेच्या जन्माची गोष्ट आपल्यापैकी प्रत्येक शिक्षकाने कित्येकदा सांगितली असेल. लव्हाळ्याचा पेटारा, त्याला लावलेले डांबर व राळ, नदीकाठचे गवत, स्नानाला आलेली राजकन्या. फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रे लावताना पेटारा आपण मधोमध लावतो, राजकन्येला तिच्या दासींसह उजवीकडे, आणि बहिणीला जागा उरली तर एका कोपऱ्यात. परंतु शास्त्र त्या मुलीविषयी एक लहानशी गोष्ट सांगते व आपण ती घाईने ओलांडून जातो. ती दूर उभी राहिली. काय होते ते पाहण्यासाठी उभी राहिली. ह्या अध्यायात तिचे नावसुद्धा दिलेले नाही. तिने पेटारा उचलला नाही, त्याच्याजवळ बसून रडली नाही, हाका मारल्या नाहीत. तिने तसे केले असते तर काय झाले असते ह्याचा विचार करा! ती जवळ गेली असती तर फारोच्या शिपायांचे लक्ष तिकडे गेले असते. ती निघून गेली असती तर लेकरू आईच्या हाती परत आले नसते. ती दूर राहिली व पाहत राहिली, आणि योग्य घटका आली तेव्हा पुढे होऊन बोलली. आईच आपल्या लेकराची दाई झाली, वर राजवाड्यातून वेतनही मिळाले.

बेवारशी दिसणारे प्रत्येक लेकरू बेवारशी असतेच असे नाही. त्याचे कोणीतरी गवतात उभे असू शकते, आणि आपल्याच भीतीने पुढे येत नसेल.

बदकांच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. बदकाची मादी रोज एक ह्या बेताने अंडी घालते, परंतु उबवायला बसते ती शेवटचे अंडे घातल्यावर. म्हणून सुमारे साडेतीन-चार आठवड्यांनी सगळी पिल्ले जवळजवळ एकाच वेळी बाहेर येतात. चिमणीचे पिल्लू आंधळे, उघडे, चोच वासून पडून राहणारे असते. बदकाचे तसे नाही. ते डोळे उघडे ठेवून, अंगावर मऊ लव घेऊनच जन्मास येते आणि एकदोन दिवसांतच आईच्या मागे पाण्यावर जाते. आई त्याला घास भरवीत नाही. ते स्वतःच किडे, शेवाळ, कोवळे गवत टिपते. आई राखण करते, वाट दाखवते आणि ऊब देते. माणूस किंवा कुत्रे जवळ आले की ती पिल्लांना गवतात लपवून आपण बाजूला सरते. कधी कधी पंख मोडल्याचे सोंग करून पाण्यावर फडफडत दूर जाते, म्हणजे शत्रूने पिल्लांना सोडून तिच्या मागे लागावे. जो तिला पाहतो त्याला वाटते की ही पळाली, लेकरांना टाकून गेली. प्रत्यक्षात ती त्याच वेळी आपला जीव त्यांच्यासाठी पणाला लावीत असते.

आपण माणसांविषयीही असेच पटकन बोलतो. त्या मुलाच्या आईविषयी आमच्या मंडळीत बोलले जातच होते. ती मस्कतला परिचारिका आहे. नवऱ्याच्या पश्चात कर्ज फेडण्यासाठी गेली. मुलगा तीन वर्षांचा असल्यापासून आजीपाशी. दोन वर्षांतून एकदा येते. “आईला पैसा प्यारा,” असे उपासनेनंतर आवारात चहा पिताना कोणीतरी म्हणाले तेव्हा आम्ही तेथे होतो आणि गप्प बसलो होतो. मुलाने तलावावर तो प्रश्न कोणाविषयी विचारला होता हे आमच्या ध्यानात त्या दिवशी आले नाही.

आता घरी काय झाले ते ऐका. आमच्या सौ.नी पिल्लाला दुधात भिजवलेला पाव दिला. आम्ही, बदक आहे म्हणून, बादलीत पाणी भरून त्यात त्याला सोडले. दोन्ही गोष्टी प्रेमाने केल्या आणि दोन्ही चुकल्या. पक्ष्यांना दूध पचत नाही, पावात त्यांच्या वाढीला लागणारे काही नसते. आणि बादली तर फारच वाईट. पिल्लाची लव आईपाशी असताना कोरडी राहते. पाण्यातून निघाले की ते तिच्या पोटाखाली शिरते, तिच्या तेलकट पिसांत घासले जाते आणि सुकते. एकटे पिल्लू बादलीत सोडले तर चिंब भिजते, बाहेर येता येत नाही आणि गारठून मरते. पाण्यातला जीव पाण्यानेच मरतो. अर्ध्या तासात त्याचा आवाज बंद झाला आणि मान खाली गेली.

आमच्या मंडळीत एक सेवानिवृत्त गुरांचे डॉक्टर आहेत. रात्री आठला त्यांना बोलावले. त्यांनी पहिल्या प्रथम आमच्याकडे पाहिले ते कसे, हे लिहीत नाही. मग कोरड्या फडक्याने पिल्लू टिपले, खोक्यात जुने सुती कापड अंथरले, आणि आमच्या नव्या दिव्याखाली हात धरून म्हणाले, “ह्या एलईडीला उजेड आहे, ऊब नाही. जुना साठचा दिवा आहे का घरात?” माळ्यावर एक सापडला. खोक्याच्या एका कोपऱ्यावर तो टांगला. दुसरा कोपरा मुद्दाम थंड ठेवला, म्हणजे पिल्लाला फार गरम झाले तर सरकता यावे. पहिल्या आठवड्यात अशा पिल्लाला सुमारे ३२ ते ३५ अंश उष्णता लागते, पुढे दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची. दिवा नसेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून चालते. फार गरम झाले तर पिल्लू चोच उघडून धापा टाकते, गारठले तर एकसारखे ओरडते आणि मग गप्प होते. गप्प झाले म्हणजे शांत झाले असे समजू नये.

डॉक्टरांनी आणखी जे सांगितले ते शिक्षकांनी लिहून ठेवावे, कारण पावसाळ्यात कोणत्या ना कोणत्या वर्गात एखादे मूल खिशात पिल्लू घेऊन येतेच. थंड पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग पाणी, त्यानंतर खाणे. हा क्रम बदलू नये. चोच उघडून चमच्याने पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. उथळ बशीत पाणी ठेवून त्यात चार स्वच्छ गोटे टाकावेत, म्हणजे चोच बुडेल पण अंग बुडणार नाही. चोच बुडणे जरुरीचे, कारण बदक त्यानेच नाकपुड्या धुते. खायला कोंबडीच्या लहान पिल्लांचे औषध न घातलेले भरड खाद्य ओले करून द्यावे, बारीक चिरलेला पालाही चालतो. मात्र बदकाला ‘नायासिन’ हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा अधिक लागते. ते न मिळाल्यास पाय वाकडे होतात, म्हणून केवळ त्या खाद्यावर फार दिवस काढू नयेत. वर्तमानपत्राच्या गुळगुळीत कागदावर ठेवले तरी पाय फाकतात. आणि माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत खरी नाही. ह्या एका समजुतीपायी किती पिल्ले आईपासून कायमची तुटली असतील!

हे सर्व सांगून झाल्यावर ते म्हणाले, “पण ही सगळी तात्पुरती सोय. ह्याला ठेवायचं नाही. उद्या पहाटे तलावावर न्यायचं.” वनखात्याच्या कचेरीत त्यांनीच दूरध्वनी केला. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे रानपक्षी घरी पाळणे हा गुन्हा आहे, हे आम्हाला ऐकून ठाऊक होते, पण हातात लहानसे पिल्लू असताना कायदा आठवत नाही.

मुलगा ती रात्र आजीला घेऊन आमच्याच घरी राहिला होता. ठेवायचे नाही हे ऐकून तो रडू लागला. “मला सापडलंय, माझंच आहे.”

बंधुभगिनींनो, ह्यावर देवाच्या वचनात स्पष्ट आज्ञा आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायाचा आरंभ वाचा. बांधवाचा बैल किंवा मेंढरू भटकलेले दिसले तर डोळेझाक करू नको. ते त्याच्याकडे परत ने. बांधव जवळ राहत नसेल, किंवा कोणाचे आहे हे ठाऊक नसेल, तर घरी आणून सांभाळ, आणि तो शोधीत आला म्हणजे त्याला दे. पाहिले नाही असे करायला देव मना करतो, आणि सापडले ते माझे, असे म्हणायलाही मना करतो. ह्या दोहोंच्या मधली जी जागा, घरी आणून दुसऱ्याचे म्हणून सांभाळण्याची, तीच सर्वांत अवघड. पुढे सहाव्या वचनात लगेच पक्ष्याचे घरटे येते. पिल्लांसह आईला धरू नको, आईला जाऊ दे. येथे देवाने कल्याणाचे व दीर्घायुष्याचे अभिवचन जोडले आहे. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेला जे अभिवचन आहे, तेच एका रानपाखराच्या आईला सोडून देण्यालाही! आम्ही ही वचने कित्येक वर्षे वाचली, पण ती दोन एकापाठोपाठ का आली आहेत हे त्या रात्री खोक्याशेजारी बसून कळले. रानातल्या पाखराचाही धनी आहे. पन्नासाव्या स्तोत्रात तो स्वतः सांगतो की डोंगरावरील सगळे पक्षी त्याच्या ओळखीचे आहेत.

पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली ह्यांनी १९८५ साली आपल्या आत्मचरित्राला ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ असे नाव दिले. लहानपणी मारलेल्या एका चिमणीपासून त्यांचे सर्व आयुष्य बदलले होते. ते ख्रिस्ती नव्हते, तरी ते नाव वाचताना मत्तयाचा दहावा अध्याय आठवल्यावाचून आपल्याला राहवत नाही.

पिल्लू लवकर परत करण्याचे आणखी एक कारण आहे. अंड्यातून निघाल्यावर पहिल्या एकदोन दिवसांत बदकाचे पिल्लू जे हलते-बोलते पाहील त्याला आई मानून त्याच्या मागे लागते. ऑस्ट्रियाच्या कोन्राड लोरेन्झ ह्यांनी हंसजातीच्या पक्ष्यांवर ह्याचा पुष्कळ अभ्यास केला, आणि प्राण्यांच्या वर्तनासंबंधीच्या कामाबद्दल १९७३ चे नोबेल पारितोषिक त्यांना व आणखी दोघांना विभागून मिळाले. पिल्लू माणसाच्या मागे मागे फिरते तेव्हा आपल्याला ते गोड वाटते. पण मोठे झाल्यावर त्याला आपल्या जातीत राहता येत नाही आणि माणसातही नाही. आपण त्याचे लाड करतो आणि त्याची ओळख हिरावून घेतो. हे वाचून एखाद्या आईबापाच्या मनात दुसरेच काही आले, तर येऊ द्यावे.

पहाटे साडेपाचला आम्ही तलावावर होतो. डॉक्टर, वनखात्याचा एक रखवालदार, आम्ही, आजी व मुलगा. रखवालदाराने सांगितले, “काल तुम्ही लोक होता तेव्हा ती त्या पाणगवतातच होती. तुम्ही गेल्यावर दिवस बुडेपर्यंत ह्या काठाला फिरून ओरडत होती.” तो मराठी-हिंदी मिसळून बोलत होता व त्याला आमच्यावर ठपका ठेवायचा नव्हता, पण आम्ही खाली पाहिले.

पिल्लू पाण्याच्या कडेला उथळ टोपलीत ठेवले आणि आम्ही बांधावर, पन्नास-साठ पावले मागे, झाडाआड बसलो. डॉक्टरांनी बोलायला मना केले होते. पिल्लू ओरडू लागले. मुलाने आमचा हात घट्ट धरला. एकदा एक घार वरून फिरून गेली तेव्हा तो उठायला लागला, रखवालदाराने खांद्यावर हात ठेवून बसवले. किती वेळ गेला? घड्याळाप्रमाणे चाळीस मिनिटे. आम्ही आयुष्यात पुष्कळ प्रार्थना केल्या, पण काही न करता, दूर राहून, डोळे उघडे ठेवून केलेली ती पहिली असावी. फारोच्या राज्यातील ती मुलगी किती वेळ उभी होती हे शास्त्र सांगत नाही.

मग गवतातून बदकाची मादी आली. मागे पिल्लांची रांग. ती थांबली, मान उंच केली, वळून परत गवतात गेली. मुलाने श्वास सोडला. पुन्हा आली. ह्या वेळी तिने हलकेच आवाज दिला आणि टोपलीतले पिल्लू टोपलीच्या काठावरून कोलमडत पाण्यात पडले व रांगेत शिरले. सात होती की आठ, ते आम्हाला मोजता आले नाही. मुलगा मात्र ठामपणे आठ म्हणतो. काठाला जरा पलीकडे ती बसली, आणि सगळी पिल्ले तिच्या पंखांखाली गेली. ऊन वर आलेले नव्हते.

यरुशलेमेविषयी प्रभूने कळवळून कोंबडीचे व तिच्या पिल्लांचे उदाहरण दिले, मत्तय तेविसाव्या अध्यायात. ते आम्ही आजवर केवळ मायेचे चित्र म्हणून शिकवीत आलो. साठच्या दिव्याखाली रात्र काढल्यावर कळते की पंखांखाली न येणे म्हणजे पिल्लाला मरण आहे. त्याच्या अंगात स्वतःची ऊब टिकत नाही. प्रभू जे म्हणाला ते शहराच्या जीवनमरणाविषयी म्हणाला.

परत येताना आजी काही बोलल्या नाहीत. मुलगाच म्हणाला, “आजी, ती आली होती. आपण होतो म्हणून येत नव्हती.”

२०२४ च्या मे महिन्यात त्याची आई रजेवर आली. कर्ज फिटले होते. तिला भोपाळला एका रुग्णालयात काम मिळाले होते व मुलाला ती नेणार होती. आजी संध्याकाळी आमच्याकडे आल्या. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “गुरुजी, सहा वर्षं मी केलं. ताप आला तर रात्र-रात्र मी बसले. आता ती म्हणते, नेते. मी काय दाईच होते का?”

आम्ही उत्तर दिले नाही. आमच्यापाशी नव्हते. शास्त्र उघडून निर्गमाचा दुसरा अध्याय त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून स्वतःच वाचला. आईने लेकराला पाजले, वाढवले, आणि मोठे झाल्यावर आपल्या हाताने नेऊन राजकन्येला दिले, त्या दहाव्या वचनावर त्यांचे बोट बराच वेळ थांबले. “हिला किती जड गेलं असेल,” एवढेच म्हणाल्या. आम्ही मिळून प्रार्थना केली. प्रार्थनेत त्यांनी सुनेचे नाव घेतले. त्या आधी आम्ही ते त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते.

जाण्याच्या दिवशी सकाळी आम्ही निरोप द्यायला गेलो तेव्हा आजी स्वयंपाकघरात होत्या. चिवड्याचा डबा बांधून झाला होता, आणि त्या सुनेला सांगत होत्या की मुलाला रात्री पांघरूण लाथाडायची सवय आहे, दोन वाजता एकदा उठून बघावे लागते.